ॲल्युमिनियमची होडी दरवर्षी त्याच जागी गळते, त्याचं मूळ कशात आहे

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या आणि आमच्या होडीचं दुखणं एकच आहे का ते कळेल. होडी १२ फुटी, १६ गेजच्या (साधारण १.६ मिलिमीटर जाड) ॲल्युमिनियम पत्र्याची, रिबीट मारलेली, म्हणजे पत्रे धातूच्या ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी जोडलेले. मधल्या बाकाखाली आणि मागच्या टोकाजवळ पाणी यायचं. दर उन्हाळ्यात आम्ही ती काठावर ओढायचो, भोकं बुजवायचो, रंग द्यायचो. दिवाळीपर्यंत बरं चालायचं. संक्रांतीच्या सुमाराला पायाखालच्या प्लायखाली चुळुकचुळुक आवाज पुन्हा सुरू. जागा तीच, नाहीतर वीतभर अलीकडं-पलीकडं. २०२२, २०२३, २०२४ असे तीन उन्हाळे यात गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात होडी पूर्ण उकलली, तेव्हा कारण हाती लागलं.

ही होडी आमच्या भावकीनं २०१९ च्या पुरानंतर जुनी विकत घेतली. त्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमचं गाव हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. गावात स्वतःची एक तरी होडी पाहिजे, असं त्या आठवड्यात प्रत्येकाला वाटलं. एरवी ती मळीत (नदीकाठच्या शेतात) जायला, वैरण आणायला, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला अडकलेला कचरा काढायला उपयोगी पडते. गळकी होडी दारात असणं म्हणजे होडी नसण्यापेक्षा वाईट, कारण माणसं तिच्यावर भरवसा ठेवतात. म्हणून हे सगळं बारकाईनं लिहितोय.

तीन उन्हाळ्यांत आम्ही काय काय केलं ते थोडक्यात. पहिल्या वर्षी लाकडी नावेला लावतात तसं डांबर. दुसऱ्या वर्षी मळून लावायची पुट्टी आणि वरून फायबरचं कापड. तिसऱ्या वर्षी पॉप रिबीट (एकाच बाजूनं, बंदुकीनं ओढून बसवतात ते) मारून ठिगळ, आणि एका ठिकाणी वेल्डिंग. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यातलं बरंचसं आजही जागेवर चिकटलेलं होतं. पाणी ठिगळातून येतच नव्हतं. ठिगळाच्या कडेला नवं भोक पडलेलं असायचं. तुमच्याही होडीत असंच होत असेल तर बुजवण्याचं सामान बदलून काही हाती लागणार नाही. पत्र्याला आतून कोण खातंय ते शोधावं लागेल.

पाणी आतून भरा

गळती शोधायला होडी नदीत टाकून आत बघत बसू नका. आत आलेलं पाणी तळाच्या खोलगट भागात धावतं आणि ज्या जागी ओल दिसते तिथून ते आलेलंच नसतं. होडी घोड्यांवर, म्हणजे उंच आधारांवर ठेवा, आत पाणी भरा आणि बाहेरून, खाली वाकून बघा. थेंब जिथं लोंबतो तीच जागा, किंवा तिच्या अगदी जवळची.

एक काळजी घ्या. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडीत इंचभर पाणी म्हणजे १०० किलोच्या आसपास वजन. दोन घोड्यांवर ठेवून चार इंच भरलं तर तळ वाकतो आणि चांगले रिबीटही ढिले होतात. आम्ही खाली ट्रॅक्टरचे जुने टायर ठेवले, तळाच्या कण्याला चार ठिकाणी आधार दिला आणि तीन इंचांवर थांबलो. भरण्याआधी बाहेरचा तळ कोरडा पुसून त्यावर खडूची पूड चोळली. ओल आली की पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. मार्करनं गोल करून नंबर टाकत गेलो. एकूण ३१ गोल झाले. तीन वर्षं आम्ही जेमतेम पाच-सहा जागांशी झगडत होतो.

मग पाणी काढून होडी वाळवली. रात्री तिच्या आत बल्ब लावला, वरून ताडपत्री टाकली आणि अंधारात बाहेरून तळ पाहिला. ३१ पैकी ११ जागी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. म्हणजे पत्र्यालाच आरपार भोक. बाकीच्या २० जागी उजेड नव्हता, तिथं रिबीट किंवा सांधा पाझरत होता. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं. आम्ही सगळ्यांना एकच पुट्टी लावत आलो होतो.

प्लायखाली काय होतं

उजेड दिसलेल्या ११ जागांपैकी ९ एका ओळीत होत्या. ओळ बरोबर त्या पट्ट्यात, जिथं पायाखालचा प्लाय तळाला टेकत होता.

हा प्लाय आम्हीच २०२० मध्ये बसवला होता. होडीला चांगलं काहीतरी घालायचं म्हणून मुद्दाम मरीन प्लाय आणला, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा. प्लाय उत्तमच होता, पाच वर्षांनीही सुटला नव्हता. पण तो कुजू नये म्हणून त्याला जे औषध पाजलेलं असतं त्यात तांब्याचे क्षार असतात. घरात, फर्निचरला त्याचा काही त्रास नाही. ओल्या ॲल्युमिनियमला चिकटून वर्षानुवर्षं राहिला की मात्र तांबं थोडंथोडं पाण्यात उतरतं आणि पत्र्यावर जाऊन बसतं. तांब्याचा प्रत्येक सूक्ष्म ठिपका आणि भोवतीचं ॲल्युमिनियम मिळून एक छोटा सेल तयार होतो. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

द्राक्षबागायतदारांना हे वेगळं समजावायला नको. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण) करताना मोरचूद लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवत नाहीत, प्लास्टिकचं पिंप घेतात. मिश्रण जमलंय का बघायला त्यात विळा बुडवतात आणि त्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना घालतात. विळ्यावर जे एका मिनिटात होतं तेच आमच्या तळात पाच वर्षं सावकाश चाललेलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी उकिडवा बसून प्लायची खालची बाजू बघत होतो. पत्र्याला टेकलेल्या पट्ट्यात प्लाय काळा पडला होता आणि पत्र्यावर त्याच मापाचा पांढऱ्या भुकटीचा पट्टा होता.

ती पांढरी भुकटी नीट ओळखून ठेवा. चुन्यासारखी दिसते, ओली असताना लिबलिबीत लागते, वाळली की खरबरीत. लोखंडाचा गंज लाल असतो म्हणून डोळ्यात भरतो, ॲल्युमिनियमचा पांढरा असतो म्हणून मळ समजून पुसला जातो. पुसल्यावर खाली मोहरीएवढा खड्डा दिसतो. दाभण टेकवून हलकं दाबा. टोक आत गेलं तर तिथं पत्रा उरलेलाच नाही.

दहावी जागा वेगळीच निघाली. तळाच्या सर्वांत खोल भागात, गाळाखाली, जुनं २ रुपयांचं नाणं होतं, तांबं-निकेलचं. संगमावर लोक नदीत नाणं सोडतात, त्यातलंच एखादं होडीत पडून प्लायच्या फटीतून खाली गेलेलं असणार. नाणं उचललं तर खाली नाण्याच्याच आकाराचा गोल पांढरा शिक्का आणि त्याच्या कडेनं खड्ड्यांची माळ. अर्धा भाग आरपार गेला होता. ते नाणं मी अजून हत्यारांच्या डब्यात ठेवलंय आणि कुणी होडीबद्दल विचारायला आलं की आधी तेच दाखवतो. वायरीचे तुकडे, पितळी स्क्रू, सोललेल्या केबलचे केस, यातलं काहीही तळात पडून राहिलं तर हेच करतं.

अकराव्या भोकाचं कारण मागच्या टोकाचा पितळी बूच. पाणी सोडायच्या भोकाला पितळी आटे होते, त्याभोवती पत्रा बिस्किटासारखा झाला होता. तिथं नायलॉनचा बूच बसवला, विषय संपला.

या सगळ्याला जोर आणला गाळानं. २०२१ च्या पुरात शेडमध्ये पाणी शिरलं तेव्हा होडीत गाळ बसला. आम्ही पाइप मारून वरून धुतली, प्लाय उचललाच नाही, कारण तो स्क्रूनं आवळलेला होता. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप एक पातळ थर चढतो आणि तोच त्याला सांभाळतो. थर ओरखडला तरी लगेच पुन्हा तयार होतो, पण त्याला प्राणवायू लागतो. ओल्या गाळाखाली, भिजलेल्या फोमखाली, प्लायखाली हवा पोचत नाही आणि थर सांधत नाही. नदीत उघड्यावर तरंगणारा बाहेरचा तळ आमचा आजही गुळगुळीत आहे. सगळे खड्डे आतल्या बाजूनं पडलेत. तुमच्या होडीतही पत्रा आतून खाल्लेला दिसला तर दोष नदीच्या पाण्याला देऊ नका.

धुताना

पांढरी भुकटी काढायला धुण्याचा सोडा, कॉस्टिक किंवा संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. पत्रा क्षणभर चकाकतो खरा, पण तो वरचा सांभाळणारा थर पाण्याचा सामू (पीएच) साधारण ४ ते ८.५ यांच्या मधे असेल तोवरच टिकतो. दोन्ही बाजूंना बाहेर गेलं की विरघळतो. आम्ही मऊ ब्रश, साधं पाणी, थोडा भांड्यांचा साबण, आणि हट्टी डागांना पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर (तेही आम्लच, पण सौम्य) एवढ्यावर काम भागवलं.

साबणाचा किंवा सोड्याचा अंश राहिलाय का हे बघायला आपल्या सांगलीत हळदीइतकं सोपं साधन नाही. पांढऱ्या चिंधीला हळदीचं पाणी लावून वाळवा, ती ओल्या पत्र्यावर टेकवा. पिवळी राहिली तर ठीक. लालसर झाली तर अजून अल्कली आहे, परत धुवा. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तोच हा प्रकार.

लोखंडी तारेचा ब्रश अजिबात मारू नका. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कण नवा खड्डा सुरू करतो. स्टेनलेसच्या तारेचा नवा ब्रश घ्या आणि तो ॲल्युमिनियमसाठीच बाजूला ठेवा. ग्राइंडरच्या चकतीचंही तेच, लोखंडावर वापरलेली चकती इकडं आणू नका.

रिबीट

आता त्या २० पाझरणाऱ्या जागा. यात मला गुरू भेटले. आमच्या आत्याचे मोठे दीर एसटीच्या वर्कशॉपमधून बॉडी सेक्शनला काम करून निवृत्त झालेत. एसटीची जुनी गाडी म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि हजारो रिबीट. त्यांनी होडीकडं पाहिलं आणि म्हणाले, “हे आमचंच काम आहे रे, नुसतं उलटं. तिथं पाणी वरनं येत होतं.”

आम्ही मारलेले पॉप रिबीट त्यांनी सगळ्यांत आधी काढायला लावले. साध्या पॉप रिबीटच्या मधून भोक असतं आणि त्यात खिळ्याचा तुटलेला लोखंडी तुकडा अडकून राहतो. पाणी त्या भोकातून येतं, लोखंड गंजतं आणि भोवतीचा ॲल्युमिनियमचा रिबीट झिजतो. बंद तोंडाचे पॉप रिबीट मिळतात, हात पोचत नाही अशा जागी तेच वापरा. जिथं दोन्हीकडून हात पोचतो तिथं भरीव रिबीटच.

प्रत्येक पाझरणारा रिबीट बदलायचा नसतो, हे त्यांनी शिकवलं. एकानं बाहेरून रिबीटच्या डोक्यावर आणि पत्र्यावर मिळून बोट ठेवायचं, दुसऱ्यानं आतून हलकं टोकायचं. बोटाला रिबीट आणि पत्रा वेगवेगळे हललेले कळतात. डोक्याभोवती काळं कडं दिसलं तर तोही हलतोय असं समजायचं. असा रिबीट मुळात चांगला असेल तर डोक्याला बाहेरून जड लोखंडी डॉली (ठोके झेलणारा ठोकळा) दाबून धरायची आणि आतून दोन-तीन नेमके ठोके द्यायचे. तो पुन्हा आवळून बसतो. आमच्या २० पैकी १२ एवढ्यावरच थांबले. खर्च शून्य, वेळ एक सकाळ.

उरलेले ८ ड्रिलनं काढले. डोक्याच्या मध्यावर पंच मारून डोकं तेवढं ड्रिल करायचं, मग दांडा ठोकून बाहेर. आरपार ड्रिल घातलं की भोक मोठं होतं आणि पुढचा रिबीट ढिला बसतो. आमच्या होडीला ४.८ मिलिमीटरचे, म्हणजे ३/१६ इंची रिबीट आहेत. लांबी काढायचा काकांचा हिशेब असा: जेवढे पत्रे जोडायचे त्यांची एकूण जाडी, अधिक रिबीटच्या जाडीच्या दीडपट. दोन पत्रे मिळून ३.२ मिलिमीटर, दीडपट म्हणजे ७.२, एकूण साधारण साडेदहा मिलिमीटर. ठोकून झाल्यावर आतलं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीएवढं उंच दिसलं पाहिजे. जास्त ठोकलं तर ते चपटं होऊन कडेला चिरतं, कमी ठोकलं तर भोकात फुगत नाही आणि पाझरतं. मी पहिले चार बिघडवले. पाचवा जमला तेव्हा काकांनी काही न बोलता दुसरी डॉली माझ्या हातात दिली.

ठोकण्याआधी भोकात आणि दोन पत्र्यांच्या मधे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या दुकानात ते मिळतं. बाथरूमला लावायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. ते सुकताना आम्ल सोडतं आणि एकदा त्या जागी लागलं की पुढं रंग, सीलंट काहीच तिथं धरत नाही.

ठिगळ आणि वेल्डिंग

११ भोकांसाठी पाच ठिगळं लावली, कारण ओळीतल्या नऊ भोकांना तीन लांब पट्ट्या पुरल्या. पत्रा ५०५२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा घेतला, होड्यांना चालतो तो. भांड्यांचा किंवा साध्या दुकानातला मऊ पत्रा वाकायला सोपा असतो पण दगडावर घासला की फाटतो. कोपरे गोल कापले, मधे पीयू भरलं, कडेनं भरीव रिबीट. बाहेरच्या बाजूनं ठिगळ, म्हणजे पाण्याचा दाब त्याला आत ढकलतो.

लोखंडी पट्टीचं ठिगळ लावून ॲल्युमिनियमचे रिबीट मारू नका. दोन धातू एकत्र आले की झिजणारा भाग लहान आणि झिजवणारा मोठा असेल तर तो लहान भाग फार लवकर संपतो. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात चार स्टेनलेसचे बोल्ट चालून जातात, त्यातही नायलॉनची बुशी-वॉशर आणि सीलंट लावलं तर उत्तम. मोठ्या लोखंडी पट्टीत ॲल्युमिनियमचे रिबीट एक-दोन वर्षांत पावडर होतात. आमच्या बाकाचे कंस असेच होते.

वेल्डिंगबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलंय. जुन्या रिबीटच्या होडीला वेल्डिंग करू नका, असं माझं मत आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा थर मात्र २००० अंशांच्या वर. आतलं पाणी होऊन ओघळतं आणि वरची साय तशीच राहते. नव्या स्वच्छ पत्र्यावर आर्गॉन आणि टिग मशीन असलेला कसलेला माणूस हे जमवतो. खड्ड्यांत गाळ आणि क्षार मुरलेल्या १६ गेजच्या पत्र्यावर शिवण सच्छिद्र होते, शेजारचा पत्रा मऊ पडतो आणि उष्णतेनं जवळचे रिबीट ढिले होतात. आमच्या ३१ गोलांपैकी ४ त्या एका वेल्डिंगच्या भोवती होते. आणि बाकाखाली फोम असताना कुणालाही ज्योत लावू देऊ नका. पीयू फोम पेटला की त्याचा धूर जीवघेणा असतो.

बाकाखालचा फोम

होडी पूर्वी दोघं उचलायचे, आता चौघं लागतात, असं आम्ही म्हणायचो आणि सोडून द्यायचो. बाकाचा पत्रा उघडला तर पिवळा फोम पिळून पाणी निघेल इतका भिजलेला. एक तुकडा गुळाच्या अडतीतल्या काट्यावर ठेवला, ४ किलो २०० ग्रॅम. महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा तोलला, ६०० ग्रॅम. म्हणजे एवढं पाणी आम्ही वर्षानुवर्षं वाहून नेत होतो आणि तेच पाणी बाकाखालच्या पत्र्याला रात्रंदिवस भिजवत होतं.

काहीजण फोम काढून टाकतात आणि बाक मोकळा ठेवतात. हे करू नका, अगदी कळकळीनं सांगतो. २०१९ च्या ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटून लोक बुडाले ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. होडी भरली किंवा पालथी झाली तर माणसाला धरायला काहीतरी वर राहिलंच पाहिजे, आणि ॲल्युमिनियम स्वतः बुडतं. हिशेब सोपा आहे. ७० किलोची होडी पाण्याखाली साधारण ४४ किलो भरते, त्यात इंजिनाचे वीस-बावीस किलो. बंद पेशींचा १०० लिटर फोम सुमारे ९७ किलो उचलून धरतो. आम्ही २०० लिटर बसवला, म्हणजे होडी आणि इंजिन सांभाळून शंभर किलोच्या वर उचल उरते, जी धरून राहणाऱ्या माणसांसाठी. गच्चीला ऊन लागू नये म्हणून घालतात त्या एक्सपीएसच्या (थर्मोकोलच्या जातीच्या, बंद पेशींच्या) पाट्या घेतल्या. पाट्या तळाला टेकू दिल्या नाहीत, खाली बोटभर जागा सोडली म्हणजे पाणी वाहतं आणि हवा खेळते. पेट्रोल सांडलं तर ही पाटी विरघळते, म्हणून टाकी मागच्या बाकापासून लांब ठेवतो. आणि फोम असला तरी लाइफ जॅकेटशिवाय आमच्या होडीत कुणी पाऊल ठेवत नाही.

नवी जमीन

प्लायच्या जागी सागाच्या पट्ट्यांची जाळी केली, बोटभर फटी ठेवून, तीन तुकड्यांत. एकही स्क्रू होडीत जात नाही. लाकूडही ओलं राहून पत्र्याला टेकायला नको म्हणून बरगड्यांच्या कडेवर ठिबकची १६ मिलिमीटरची जुनी नळी उभी चिरून बसवली. ती आपोआप घट्ट पकडते, गंजत नाही आणि जाळी तिच्यावर बसते. आता जाळी उचलायला एक माणूस आणि अर्धं मिनिट लागतं. यानंतर तळात गाळ कधी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला नाही.

मागचं फळकुट, जिथं इंजिन आवळतात, तिथं लाकूड लागतंच. तिथं साधा बाहेरच्या वापराचा प्लाय घेऊन त्याला सगळ्या बाजूंनी, बोल्टच्या भोकांच्या आतूनही, इपॉक्सीचे तीन हात दिले आणि पत्रा व प्लायच्या मधे पीयूचा थर ठेवला.

रंग

आतून रंग दिलाच नाही. रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि मला दिसायला हवं आहे. बाहेरून ठिगळांपुरता दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि वरून रंग. आधी थिनरनं तेलकटपणा काढा, मग काचपेपर मारा, उलट केलं तर तेल पत्र्यात घासलं जातं. घासल्यावर तासाभरात प्रायमर लागला पाहिजे. शेवाळ धरू नये म्हणून समुद्रातल्या बोटींना लावतात तो रंग कुणी सुचवला तर डब्यावर तांबं लिहिलंय का ते आधी वाचा. त्यातल्या बहुतेकांत असतं. नदीतली होडी काठावर ओढून ठेवायची असेल तर त्या रंगाची गरजच नाही.

तीन इंच पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा ३१ पैकी २ गोल उरले. त्यातला एक ठोकून बसला. दुसरा, मागून तिसऱ्या बरगडीचा डावीकडचा रिबीट, दिवसाला चमचाभर पाणी देतो. तिथलं भोक आधीच मोठं झालेलं आहे, त्याला ६ मिलिमीटरच्या वरचा रिबीट लागेल आणि आतून डॉली धरायला बाक पुन्हा उघडावा लागेल. त्याच्याभोवतीचा लाल गोल मी तसाच ठेवलाय. दर अमावास्येला जाळी उचलतो, तळ धुतो, हळदीच्या चिंधीनं बघतो आणि त्या गोलाशी पांढरं काही धरलंय का ते बोटानं चाचपतो. मेमध्ये नदीचं पाणी उतरलं की काका येणार आहेत, तेव्हा तो बदलू.